मुलाचं ऑनसाइट, आईचा पासपोर्ट

  

फ्रीमॉन्टच्या लेक एलिझाबेथला मे-जूनमध्ये सकाळी एक फेरी मारून या. पांढरे बूट, त्यावर साडी, साडीवर स्वेटर, कानाला घट्ट मफलर. शेजारी टोपी घातलेले काका, हात मागे बांधून चाललेले. दोन जोडपी समोरासमोर आली की ओळख व्हायच्या आधीच दोन प्रश्न होतात. "कधी आलात?" आणि "परत कधी?" मग कळतं की एक सातारचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, दुसरे अकोल्याला वीज मंडळात होते. न्यूजर्सीतल्या एडिसनला जा, डॅलसच्या उपनगरांत जा, हेच चित्र.

आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की त्यात नवल वाटत नाही. पण थोडं थांबून विचार करा. या मुख्याध्यापकांच्या वडिलांना कोणी सांगितलं असतं की तुमचा मुलगा निवृत्तीनंतर सहा महिने अमेरिकेत राहून येईल, तर त्यांनी काय म्हटलं असतं? त्या पिढीत परदेशी जाणं म्हणजे पेपरात फोटो, स्टेशनवर हार. पु. ल. देशपांडे इंग्लंड-युरोपला जाऊन आले तर त्याचं पुस्तक झालं, आणि त्या पुस्तकाचं नावच 'अपूर्वाई'. आज कोणी आईच्या पहिल्या अमेरिका वारीचं पुस्तक काढायला निघालं तर घरातलेच म्हणतील, अगं, सगळ्यांच्याच आया जाऊन आल्यात.

हे कसं झालं, ते आज सांगायचं आहे. आयटीमुळे लोकांकडे पैसा आला आणि लोक फिरायला लागले, असं सोपं उत्तर आपण देतो. ते अर्धंच खरं आहे. या मुख्याध्यापकांकडे तसा फार पैसा आलाच नाही, त्यांचं पेन्शन आहे तेवढंच आहे. तरीही ते इथे आहेत.

आधी जुनी कुलपं काय होती ते पाहू. पहिलं कुलूप पैशाचं, आणि तेही रुपयाचं नव्हे, डॉलरचं. देशात परकीय चलनाची इतकी चणचण होती की १९७३ च्या फेरा कायद्याखाली डॉलर बाळगणं हाच संशयाचा विषय. विमानाचं तिकीट स्वतःच्या रुपयांनी काढायचं तरी पी-फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागे. त्या काळात इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठांकडून तुम्ही आठ डॉलरची गोष्ट ऐकली असेलच. खिशात तेवढेच घेऊन निघायची परवानगी. आठ डॉलरमध्ये विमानतळावरून गावात पोचणं मुश्कील, तिथे आईवडिलांना हिंडायला कोण पाठवणार? दुसरं कुलूप तिकिटाचं. नोकरदार माणसाचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात जायचे. आणि तिसरं, ज्याकडे आपण लक्षच देत नाही: गेल्यावर राहायचं कुठे, जेवायचं काय, भाषा बोलायची कोणाच्या जिवावर?

आता एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशात स्वतःचं माणूस असेल तर ही कुलपं आपोआप उघडतात. राहायला घर आहे, जेवायला वरणभात आहे, डॉलर मुलाच्या खात्यात आहेत, तिकीटही तोच काढतो. म्हणजे साध्या घरातल्या माणसाला परदेशी जायला स्वतःची श्रीमंती लागत नव्हती, तिकडे एक नोकरी लागत होती. १९६५ च्या कायद्यानंतर जे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक अमेरिकेत आले, त्यांनीही आईवडिलांना आणलं. आपल्या इथल्या जुन्या मंडळांचा पाया त्यांनीच घातला. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. पण ती माणसं मोजकी. गल्लीत एखादं घर, कधी अख्ख्या तालुक्यात एखादं. आयटीनं काय केलं, तर ती 'तिकडची नोकरी' गल्लीत चार घरांत नेऊन ठेवली.

ती कशी, याची सुरुवात मुंबईतच होते. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सुरू झाली, फकीरचंद कोहली तिचे कर्तेधर्ते. अंधेरीला १९७३ साली सीप्झ उभं राहिलं. त्या काळात संगणक आयात करायचा तर बदल्यात निर्यात करून डॉलर आणून दाखवायची अट असे. निर्यात कसली करणार? प्रोग्रॅम लिहिण्याची. पण काम तिकडून इकडे आणायला वाहिनीच नव्हती. साधा ट्रंककॉल लागायला दिवस जायचा, तिथे अमेरिकेतल्या यंत्रावर मुंबईतून काम कसं करणार? मग उपाय एकच, काम इकडे येत नाही तर माणूस तिकडे पाठवा. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, तिचंही सुरुवातीचं काम न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी, आणि तेही बरंचसं तिकडे जाऊनच. या धंद्याला लोक हिणवून 'बॉडी शॉपिंग' म्हणत. शब्द बरा नाही, पण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट त्यातच आहे: भारताचा सॉफ्टवेअरचा धंदा माणूस विमानात बसवण्यापासून सुरू झाला. इतर कुठल्या उद्योगात असं नव्हतं. साखर कारखान्यातला केमिस्ट किंवा गिरणीतला जॉबर आपल्या मालाबरोबर परदेशी जात नाही.

पुढे उपग्रहाच्या वाहिन्या आल्या, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि पुणे त्यातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. वाटलं होतं की आता माणसं पाठवावी लागणार नाहीत. झालं उलटं. काम वाढलं, इतकं वाढलं की टीममधले थोडे लोक जरी ग्राहकाकडे बसवायचे म्हटले तरी हजारो माणसं लागू लागली. 'ऑनसाइट' हा शब्द पुण्याच्या घराघरांत इथूनच शिरला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात "पगार किती" याच्या आधी "ऑनसाइटचा चान्स आहे का" असं विचारणारे मामा आपण सगळ्यांनी पाहिलेत.

त्याच वर्षी, १९९१ मध्ये, देशावर काय वेळ आली होती तेही आठवा. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, आणि रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पाठवलं. डॉलर मिळवून आणणाऱ्या माणसाला सरकारनं नंतर जो मान दिला, त्याचं मूळ या धक्क्यात आहे. पासपोर्टवाला इंजिनिअर हा संशयित राहिला नाही, लाडका झाला. २००० च्या जूनमध्ये फेरा जाऊन फेमा आला, आणि २००४ पासून माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. ती मर्यादा आता अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरवरून अडीच लाख!

आणि हे इंजिनिअर आले कुठून? इथे महाराष्ट्राचा स्वतःचा एक धागा आहे, आणि तो आयटीच्या गोष्टीत पुरेसा सांगितला जात नाही असं मला वाटतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच्या आधी सरकारी कॉलेजं मोजकी, जागा मोजक्या. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्याच्या गावीसुद्धा कॉलेजं निघाली. त्यांवर टीका पुष्कळ झाली, डोनेशनच्या नावानं बोटं मोडली गेली, काही ठिकाणी ती रास्तही होती. पण बँकेतल्या कारकुनाचा, एसटीतल्या कंडक्टरचा, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा बी.ई. झाला तो याच कॉलेजांतून. मेकॅनिकल करून, सिव्हिल करून, मग पुण्याला येऊन सी-डॅकचा नाहीतर एनआयआयटीचा कोर्स, कॉट बेसिसवर खोली, आणि एक दिवस "आई, माझं ऑनसाइट लागलं."

तो दिवस बऱ्याच घरांत १९९८-९९ च्या सुमारास आला. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, २००० उजाडलं की यंत्रं गोंधळणार, म्हणून कोबोल तपासायला माणसं हवी होती. अमेरिकेत एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांची, ती आधी १ लाख १५ हजारांवर गेली आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर. तुमच्यापैकी किती जण त्या लाटेत आलात, ते हात वर करा म्हटलं तर स्टुडिओत बसून मला दिसणार नाही, पण अंदाज आहे.

एक गाणं ऐकून परत येऊ.

परत स्वागत. मुलगा आला, लग्न करून सूनही आली. आता आईवडील कसे आले?

बहुतेक घरांत पहिली वारी बाळंतपणाची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण इथे नोकरी, व्हिसा, इन्शुरन्स सगळं गुंतलेलं, सातव्या महिन्यात मुलीला पाठवणार कशी? म्हणून मग माहेरच विमानात बसून आलं. पाठीला तेल लावायला, बाळाला न्हाऊ घालायला, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बॅगेत घेऊन. जी बाई कधी एकटी मुंबईलाही गेली नव्हती, ती दोन विमानं बदलून सॅन होजेच्या अपार्टमेंटमध्ये शेक-शेगडी कशी करायची याच्या चिंतेत होती, कारण धूर झाला की छतावरचा अलार्म ओरडतो. सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई, असं पाळीपाळीनं वर्ष निघायचं आणि बाळ डे-केअरला जाण्याएवढं व्हायचं. हे पर्यटन नव्हे, घरकामच होतं म्हणा ना. पण याच कामासाठी त्या माउलींचा पासपोर्ट निघाला. त्याआधी त्यांच्या नावावर रेशनकार्डाशिवाय दुसरा सरकारी कागद नसायचा.

पासपोर्ट हातात आला की व्हिसा. बी-२, म्हणजे पाहुण्यांचा. या व्हिसाची गंमत अशी की कायदा तुमच्यावर अविश्वासापासूनच सुरुवात करतो. कलम २१४(ब) प्रमाणे अधिकाऱ्यानं असं धरून चालायचं की समोरचा माणूस अमेरिकेत कायमचा राहायला निघाला आहे. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची. मग आपले बाबा काय दाखवणार? पेन्शनचा कागद. सोसायटीतला फ्लॅट. बँकेतल्या ठेवी. दुसरा मुलगा किंवा मुलगी कोथरूडला, नाहीतर नाशिकला. नातेवाइकांचा गोतावळा. म्हणजे जे साधं, खाऊनपिऊन सुखी आयुष्य त्यांनी काढलं होतं, तोच त्यांचा सगळ्यांत भक्कम पुरावा ठरला. पेन्शन सोडून कोण पळणार? मला ही गोष्ट फार आवडते. अमेरिकेच्या व्हिसाच्या खिडकीवर श्रीमंतीपेक्षा परतीची खात्री मोलाची, आणि ती मराठी मध्यमवर्गाकडे भरपूर होती.

मुंबईतल्या ज्यांनी २०११ च्या आधी व्हिसा काढला, त्यांना ब्रीच कँडीच्या वकिलातीबाहेरची रांग आठवत असेल. नोव्हेंबर २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. त्या आधी फुटपाथवर, उन्हात, हातात प्लास्टिकची फाइल, त्यात मुलाचं निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या, सुनेचे फोटो, लग्नपत्रिकासुद्धा. मुलानं फोनवर घोकून घेतलेलं: विचारतील तेवढंच बोला, बाबा, इतिहास सांगू नका. आणि आत गेल्यावर अधिकारी एखादाच प्रश्न विचारणार, "मुलगा काय करतो?" त्याचं उत्तर "सॉफ्टवेअर इंजिनिअर" असं आलं की पुढचं बरंचसं सोपं होई. त्या खिडकीवर बसलेल्या माणसानं दिवसभरात हेच उत्तर कितीदा ऐकलं असेल!

मिळाला की व्हिसा दहा वर्षांचा. ही बाब लहान वाटते, पण तिनं फार मोठा फरक केला. एकदाच्या खटपटीत दहा वर्षांचं येणंजाणं. पहिली वारी नातवासाठी, दुसरी नातीसाठी, तिसरी नुसतीच, "या हो, घर घेतलंय, बघून जा."

प्रवासाची तर वेगळीच कहाणी. मुंबईच्या विमानतळावर व्हीलचेअरच्या रांगा लागतात आणि परदेशी प्रवासी चकित होतात, की इतकी माणसं चालू शकत नाहीत? चालू शकतात, चांगल्या चालतात. त्यांना पायाची अडचण नाही, फ्रँकफर्टला गेट शोधायची आणि इंग्रजीत विचारायची आहे. व्हीलचेअर मागितली की एक माणूस सोबत मिळतो, तो दारापासून दारापर्यंत नेतो. कोणत्याही कंपनीनं ही युक्ती शिकवली नाही. एका आईनं दुसरीला सांगितली, तिनं तिसरीला. ज्यांना खरंच चालता येत नाही त्यांना त्यामुळे ताटकळावं लागतं, हेही खरं, आणि त्याबद्दल आपण थोडा विचार करायला हवा. खिशात मुलानं मोठ्या अक्षरात लिहून दिलेला कागद: पत्ता, फोन, "मी मुलाकडे चाललो आहे, सहा महिन्यांनी परत जाणार", इंग्रजीत एकेक वाक्य. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आणि घरच्या काट्यावर चारदा तोललेले २३ किलो. सरकत्या जिन्यासमोर मात्र पहिल्यांदा सगळेच थबकतात.

विमानंही बदलली. २००५ मध्ये भारत-अमेरिका खुल्या आकाशाचा करार झाला, कंपन्यांना हव्या तितक्या फेऱ्या करायची मोकळीक मिळाली. त्यानंतर मुंबईहून न्यूयॉर्क भागात थेट विमानं सुरू झाली. आपल्या भागात, सॅन फ्रान्सिस्कोला, एअर इंडियाचं दिल्लीहून थेट विमान २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि मुंबईहून २०२२ च्या डिसेंबरमध्ये. वयस्कर प्रवाशासाठी थेट विमान म्हणजे काय, ते ज्यांची आई एकदा परक्या विमानतळावर रात्रभर अडकली त्यांना विचारा. हे विमान कोणासाठी सुरू झालं? धंदेवाल्यांसाठी, हो, पण मागच्या सगळ्या रांगा आजीआजोबांनी भरल्या म्हणून ते चाललं.

आणखी एक मजेची गोष्ट. मेकमायट्रिप ही कंपनी २००० साली सुरू झाली तेव्हा तिचं गिऱ्हाईक भारतातलं नव्हतंच. अमेरिकेतून भारताची तिकिटं काढणारे तुम्ही-आम्हीच होतो. भारतात तिनं दुकान मांडलं ते २००५ मध्ये, म्हणजे परदेशातल्या मुलांनी आधी तिला चालतं केलं, मग ती घरी गेली. पासपोर्टचंही तसंच. पूर्वी पासपोर्ट म्हणजे एजंट, महिनोन्‌महिने वाट आणि पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराचा चहा. २०१० ते २०१२ या काळात देशभर पासपोर्ट सेवा केंद्रं उभी राहिली, आणि त्यांची यंत्रणा चालवणारी कंपनी कोणती? तीच टाटा कन्सल्टन्सी, जिथे कोणाचा तरी मुलगा ऑनसाइट जायची वाट बघत होता. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतही केंद्रं निघाली. आता चहा कोणी मागत नाही असं मी म्हणत नाही, पण रांग नक्कीच कमी झाली.

भारतातून बाहेर जाणाऱ्या भारतीयांचा सरकारी आकडा बघा. १९९१ मध्ये सुमारे १९ लाख, २००० मध्ये ४४ लाख, २०१० मध्ये १ कोटी ३० लाखांच्या आसपास, आणि करोनाच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, २ कोटी ६९ लाख. हे सगळे आयटीचे नव्हेत, तसा दावा करणं चूक ठरेल. यातले खूपसे आखाती देशांत कामाला जाणारे. आणि इथे एक फरक सांगितलाच पाहिजे. रत्नागिरी-रायगडची माणसं आयटीच्या कितीतरी आधीपासून कुवेत, दुबई, सौदीला जात होती. संख्येनंही थोडीथोडकी नव्हती. पण तिथे कुटुंब आणायचं तर पगाराची अट असते. बांधकामावरचा मजूर, ड्रायव्हर, स्वयंपाकी एकटाच गेला, एकटाच राहिला, पैसे गावी पाठवत राहिला. त्याच्या आईनं दुबई पाहिली ती त्यानं पाठवलेल्या फोटोंत. परदेशी कामाला जाणं आणि परदेशी घर थाटणं यांतलं अंतर त्यातून कळतं. आयटीच्या मुलाला दुसरी गोष्ट मिळाली, म्हणून त्याच्या मागून घर आलं.

तरी हेही घर कशावर उभं होतं? एका नोकरीवर. नोकरी गेली की सध्याच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस. बाबांचं तिकीट काढलेलं, आईनं पापड लाटलेले, आणि इथे मुलाचा लेऑफ, असं झालेली घरं आपल्यातच आहेत. २००१ मध्ये झाली, २००९ मध्ये झाली, अलीकडेही. आणि सुनेचं काय? तिच्यासाठी परदेशाचं दार उघडलं खरं, पण एच-४ वर आलेल्या बाईला नोकरीची परवानगी नव्हती. आयटीवालीच असली तरी नव्हती. मे २०१५ पासून काही जणींना ती मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तरच. 'परदेशी स्थळ' म्हणून जिचं गावात कौतुक झालं, तिची किती वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंग बघण्यात गेली, त्याचा हिशोब कुठल्याही सरकारी आकड्यात नाही.

आणखी एक उलटा चमत्कार. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला मुलगा भारतात जायला घाबरतो. पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, गेला आणि नव्या शिक्क्याची तारीख लांबली तर नोकरीचं काय? म्हणून तो जात नाही, आईवडील येतात. सत्तरीच्या माणसानं सतरा तास बसून यायचं, कारण चाळिशीच्या माणसाला हलता येत नाही. ज्या व्हिसानं प्रवास उघडला, त्यानंच एका बाजूनं तो असा अडवून धरलाय.

आता थोडं कामाचं, कारण या उन्हाळ्यात तुमच्यापैकी अनेकांकडे पाहुणे यायचेत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत तो ठरवत नाही. विमानतळावरचा अधिकारी जी तारीख देतो ती खरी, बहुधा सहा महिन्यांची असते, आणि २०१३ पासून विमानानं येणाऱ्याला तिचा कागद हातात मिळत नाही. आय-९४ ऑनलाइन काढून बघा, आल्याच्या आठवड्यातच. तारीख चुकली असेल तर तेव्हाच दुरुस्त होते. मुदत वाढवायचीच असेल तर आय-५३९ चा अर्ज ती तारीख उलटायच्या आत.

दुसरं, इन्शुरन्स. मेडिकेअर पाहुण्यांना नाही. पाहुण्यांसाठीच्या पॉलिसीत आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार साधारणपणे धरत नाहीत. काही पॉलिसींत जुना आजार अचानक उसळला तर ठराविक रकमेपर्यंत खर्च देतात, आणि ती रक्कम वयाबरोबर कमी होत जाते. 'स्वस्त मिळाली' म्हणून घेऊ नका, कलमं वाचा. इथल्या इमर्जन्सी रूमचा एक रात्रीचा खर्च आणि पुण्यातल्या अँजिओप्लास्टीचा खर्च यांची तुलना करून बाबांनी छातीत दुखतंय हे सांगितलंच नाही, अशा गोष्टी आपण ऐकतो. त्यांना येण्याआधीच सांगून ठेवा की दुखलं तर सांगायचं, बिलाचं आम्ही बघू. एवढं स्पष्ट बोलल्याशिवाय ती पिढी बोलत नाही.

या वाऱ्यांतून आईवडिलांना एक वेगळंच काही मिळालं, तेही सांगतो. एकदा विमानाची भीती गेली की ती सगळीकडची जाते. सॅन होजेहून परतलेल्या काकू मग केसरी नाहीतर वीणा वर्ल्डबरोबर युरोपला गेल्या, मैत्रिणींबरोबर सिंगापूरला गेल्या. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की इतरांचीही दारं सैल होतात: मेक्सिको त्यावर येऊ देतं, दुबईला उतरल्यावर व्हिसा मिळतो. आणि शेजारच्या घरात, जिथे कोणाचाच मुलगा आयटीत नाही, तिथेही बोलणं सुरू झालं, "त्या जाऊ शकतात तर आपण का नाही?" पुण्या-नाशिकहून थायलंडला आणि बालीला आज जी कुटुंबं जातात, त्यांतल्या कित्येकांना पासपोर्टचा फॉर्म कसा भरायचा हे आधी जाऊन आलेल्या अशा एखाद्या शेजारणीनंच दाखवलेलं असतं.

पण त्या लाटेतली मुलं आता पन्नाशीत आली. त्यांचे आईवडील पंच्याहत्तर, ऐंशी. लेक एलिझाबेथला येणाऱ्यांत नव्या चेहऱ्यांच्या आया आहेत. आधीच्या कित्येक आता येत नाहीत. पूर्वी काढलेले दहा वर्षांचे व्हिसा संपायला आले आहेत, आणि बऱ्याच घरांत शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर विषय निघतो: नवा काढायचा का? करोनानंतर मुंबईत मुलाखतीच्या तारखेसाठी दीड-दोन वर्षं थांबलेले लोक आपल्याला माहीत आहेत. गुडघे, शुगर, सतरा तासांचं विमान. आई म्हणते, "काढून ठेव, असू दे." बाबा म्हणतात, "कशाला खर्च? तूच ये." आणि मुलगा कॅलेंडर काढून बघत राहतो, की आपल्या शिक्क्याची तारीख कोणती.

तुमच्या घरात हा विषय कसा चाललाय, ते आम्हाला जरूर कळवा. आईवडिलांच्या पहिल्या वारीच्या आठवणीही पाठवा, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेल्या तर फारच छान. पुढच्या महिन्यात त्यांचाच एक कार्यक्रम करू. पुढच्या रविवारी, याच वेळी, भेटूया. नमस्कार.